तंबूराव

तंजावरला थंडी पडत नाही, असं तंबूरावांसमोर म्हणू नये. ते पायानं झोपाळा थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि 'तुम्ही पुण्याची माणसं' एवढंच म्हणून आपला निकाल लावतात. मग पुरावे येतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मध्य डिसेंबरपासून मध्य जानेवारीपर्यंत, पहाटे वेस्ट मेन स्ट्रीटवर उभं राहून बघा. दूधवाला माकडटोपीत, फुलवाल्या आजींच्या कानांवर टॉवेल, चौकातल्या पोलिसाच्या गळ्यात मफलर. दारापुढं कोलम काढणाऱ्या समोरच्या मामींनीसुद्धा डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. "एवढं सगळं गाव वेडं आहे काय?" ते विचारतात. पारा सहसा विशीच्या खाली जात नाही, हे मी एकदा मोबाइलवर दाखवलं. त्यांनी मोबाइलकडे न बघता सांगितलं, "पाऱ्याला काय कळतं? पाऱ्याला टाळू असते काय?"

टाळूचा मुद्दा महत्त्वाचा. दवाला तमिळमध्ये पनी म्हणतात, आणि तंजावरच्या समजुतीप्रमाणं ही पनी रात्री आभाळातून सरळ टाळूवर पडते, तिथून आत शिरते आणि छातीत जाऊन बसते. तेव्हा हिवाळ्यात उघड्यावर झोपायचं तर डोक्यावर आच्छादन हवं, आणि आच्छादन म्हटलं की तंबू. इथपर्यंत त्यांच्या तर्कात खोट काढता येत नाही. हिवाळ्यात उघड्यावर झोपायचं कशाला, असं विचारून मात्र काकूंनी बरीच वर्षं त्यांचा छळ केला आहे.

तंबूराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. गाव त्यांना 'राव सार' म्हणतं. तंजावरात मराठी माणूस म्हटला की नावामागं राव आलाच, आणि एका गल्लीत इतके राव असतात की कुठल्या तरी खुणेनं ते वेगळे करावे लागतात. आमच्या घरात ही खूण पडली. ते माझ्या सासरवाडीकडचे काका. पाटबंधाऱ्यांच्या कामावर इंजिनियर होते. उभा जन्म कावेरीच्या कालव्यांवर, वेण्णार आणि वडवारच्या दारांवर पाणी मोजण्यात गेला. निवृत्त झाल्यावर मोजायला पाणी उरलं नाही, तेव्हा तंबू मोजायला घेतले.

घराणं व्यंकोजीराजांबरोबर, म्हणजे १६७६ च्या सुमारास, इकडं आलेलं. निदान ते तसं सांगतात. मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून ठेवला. त्यात काकांच्या पूर्वजांचा उल्लेख नाही, म्हणून त्यांनी आपला इतिहास तोंडी ठेवला आहे. तो असा, की त्यांचे खापरपणजोबा सरफोजीराजांच्या फरासखान्यावर होते. पुण्याच्या माणसाला फरासखाना म्हटलं की पोलीसठाणं आठवतं, पण मुळात फरासखाना म्हणजे राजाचे तंबू, कनाती, गालिचे सांभाळणारं खातं. १८२० मध्ये राजे काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर तीन हजारांच्या आसपास माणसं होती. मुक्काम रोज नवा, म्हणजे डेरे रोज नवे ठोकायचे. "तीन हजार माणसं काशीपर्यंत," काका बोट वर करून म्हणतात, "आणि तंबू कोणी निवडले? बोला." मी बोलत नाही. सरस्वती महालात मोडी कागद चाळायला जातो तेव्हा दर वेळी ते मला दारापर्यंत सोडायला येतात आणि खालच्या आवाजात आठवण करतात, "फरासखान्याचे रुमाल बघा हं."

त्यांची स्वतःची दप्तरं झोपाळ्याखाली असतात. लांबट हिशेबाच्या वह्या, आडव्या धरलेल्या. प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीनं रकाने: वजन, कापडाचा डेनियर, पाणी किती मिलिमीटर झेलतं, पोल अ‍ॅल्युमिनियमचा की फायबरग्लासचा, दारं किती, किंमत. जगात जो जो तंबू विकला जातो तो या वहीत येऊन उभा राहतो, काका त्याची झडती घेतात, आणि शेवटच्या रकान्यात शेरा पडतो. 'ठीक.' 'ठीक नाही.' 'ठीक, पण.' बहुसंख्य तंबू 'ठीक, पण' आहेत.

मिलिमीटरच्या रकान्यावर त्यांचा विशेष जीव. कापड किती पाणी झेलेल हे सांगायला कंपन्या पाण्याच्या स्तंभाची उंची देतात. कापडावर तीन मीटर उंच पाणी उभं केलं आणि तोवर थेंब आत आला नाही, तर ते तीन हजार मिलिमीटरचं कापड. दुकानातल्या पोरांना हे पाठ असतं, समजलेलं नसतं. काकांची गोष्ट वेगळी. त्यांनी धरणाच्या दारांवर हाच दाब चाळीस वर्षं सोसलाय. "तीन मीटर पाणी तंबूवर कसं येणार?" ते मला विचारतात. "आलं, तर तू तंबूत नाहीस, वेण्णारात आहेस." मग स्वतःच समजावतात की पावसाच्या थेंबाचा जोर फार नसतो, छताला दीड हजारही पुष्कळ. दाब खरा पडतो तो जमिनीच्या कापडावर. ओल्या मातीवर माणूस गुडघा टेकून चेन ओढतो तेव्हा सगळं वजन त्या एवढ्याशा जागेवर येतं आणि खालचं पाणी वर घुसतं. म्हणून छतापेक्षा तळ जाड हवा. हे सांगताना ते झोपाळ्यावरून उतरून खरंच एक गुडघा टेकतात. उठताना काकूंना हाक मारावी लागते.

एका कापडाचा तंबू आणि दोन कापडांचा, यावर ते मार्गळीभर बोलू शकतात. माणूस रात्रभर नुसत्या श्वासातून बरंच पाणी बाहेर टाकतो. बाहेर थंडी, आत दोघंजण, कापड एकच: मग ती वाफ कापडाला भिडते, तिथं पाणी होते आणि पहाटे नाकावर ठिबकते. नवशिक्याला वाटतं तंबू गळतो. दोन कापडं असली तर वाफ आतल्या जाळीतून निघते, बाहेरच्या कापडावर थबकते आणि तिथूनच खाली ओघळते. मात्र हवा खेळती हवी. थंडी वाजते म्हणून जो सगळे झरोके बंद करतो तो सकाळी भिजलेला उठतो. "तंबू उष्णता देत नाही," काका दटावून सांगतात, "उष्णता तुझी. तंबू फक्त वारा अडवतो. थंडी खालून येते, जमिनीतून. आधी अंथरूण बघ, मग तंबू." हे सगळं शंभर टक्के खरं आहे. हिमालयात बर्फावर झोपणारी माणसं हेच सांगतात. फरक इतकाच, की काका हे छताचा पंखा चारावर ठेवून सांगतात.

त्यांना तंबू हवाय तो चार ऋतूंचा. म्हणजे बर्फाचा भार सोसणारा, जाड पोलांचा, कमी जाळीचा, वाऱ्यात न लवणारा. तीन ऋतूंचा तंबू हलका, हवेशीर, स्वस्त, आणि हिमरेषेच्या खाली बहुतेकांना पुरून उरणारा. हे त्यांच्याच वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. चार ऋतूंच्या तंबूत तंजावरला रात्र काढली तर माणूस वाफेवर शिजेल हेही त्यांना माहीत आहे. मी एकदा म्हटलं, तंजावरला ऋतूच तीन: उन्हाळा, कडक उन्हाळा आणि पाऊस. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चौथा ऋतू आला तर?"

आला तर. या दोन शब्दांवर त्यांचा सगळा संसार उभा आहे.

आणि इथंच मला वाटतं दोष त्यांचा नाही, पंचांगाचा आहे. आपल्याकडे दसऱ्याला पाऊस सरतो, नद्या उतरतात, रस्ते वाळतात, म्हणून सीमोल्लंघन. शस्त्रांची पूजा करायची आणि मोहिमेला निघायचं. हिवाळा हा मराठ्यांचा तंबूंचा मोसम. ही माणसं दसरा बरोबर घेऊन इकडं आली, पण आभाळ इथलंच राहिलं. तंजावरात दसऱ्याच्या सुमाराला ईशान्येचा मान्सून सुरू व्हायला टेकतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, हाच इथला खरा पावसाळा. म्हणजे ज्या दिवशी घोड्यावर खोगीर घालायचं त्याच दिवशी छत्री काढायची वेळ येते. काका दर दसऱ्याला देव्हाऱ्यापुढं वह्या ठेवतात, हळदकुंकू वाहतात, उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकतात आणि पाऊस बघून आत घेतात. आधीच्या पिढ्यांनीही असंच केलं असणार. पुण्याच्या मोसमाला सज्ज आणि चोळांच्या पावसात अडकलेली, अशी कितीतरी उत्सुकता या घरात साठली असेल. ती काकांच्या वाट्याला आली.

पाऊस थांबतो जानेवारीत. तेव्हा अडचण जमिनीची. गावाबाहेर सगळीकडे सांबा भात उभं किंवा कापणीला आलेलं, आणि बांध एक हात रुंदीचे. तंबूला थोडी उंचावरची जागा बघावी, कारण रात्री थंड हवा दरीत उतरून साचते, असं काकांनी कुठंतरी वाचून अधोरेखित केलं आहे. तंजावर समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर. दरी शोधायला त्रिचीच्याही पलीकडे जावं लागतं. गावात उंच म्हणावं असं काही असलं तर ते राजराजाच्या मोठ्या देवळाचं विमान, म्हणजे शिखर, आणि त्यावर पुरातत्त्व खातं तंबू ठोकू देणार नाही. मेखेचा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता सोडवला आहे. कावेरीचा गाळ आणि बर्फ मेखेला सारखेच, त्यांत बारीक मेख टिकत नाही. पसरट मेख आडवी पुरायची, वर माती दाबायची, मग तणावा खेचायचा. दुकानदार ज्याला गाय-लाइन म्हणतात त्याला काका तणावाच म्हणतात. राहुटी, पाल, डेरा, कनात, मेख, तणावा हे शब्द त्यांच्या तोंडी इतके ताजे आहेत, जणू फौज उद्या पहाटे हलणार.

शेजाऱ्यांना हे कळणं अवघड. काका तंबू घेताहेत ही बातमी पहिल्यांदा पसरली तेव्हा समोरचे मामा विचारायला आले की पहिला सिनेमा कुठला लावणार? तमिळ मुलखातल्या त्यांच्या वयाच्या माणसाला तंबू म्हटलं की टेंट कोट्टाय आठवतं, गावोगाव फिरणारं टुरिंग टॉकीज, वाळूत बसून बघायचं. काकांनी त्यांना तासभर चार ऋतू समजावले. मामांनी सगळं ऐकून घेतलं, कॉफीचा डबरा खाली ठेवला आणि विचारलं, "एमजीआरचा लावाल काय?"

इतिहासाचा आधारही काकांना नेहमीच साथ देतो असं नाही. हिवाळी तंबूंचा विषय निघाला की मला पानिपत आठवतं. १७६० च्या नोव्हेंबरपासून १७६१ च्या जानेवारीपर्यंत आपली फौज, तिच्याबरोबरची बायकापोरं, यात्रेकरू, सगळे उत्तरेच्या थंडीत खंदकाआड तळ देऊन बसले होते. मी हे बोलून दाखवलं. मला वाटलं, आता तरी ते गप्प होतील. त्यांनी डोळे मिटले. "तंबूत चूक नव्हती," अखेर म्हणाले, "जागेत होती. मागचा रस्ता बंद झाला. दाणागोटा तुटला. तंबू ठोकताना आधी मागं बघायचं असतं." मग वही ओढून त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं: मागचा रस्ता.

प्रत्यक्ष खरेदीच्या अगदी जवळ ते एकदा पोचले होते. चेन्नईला लग्नाला गेलो असताना मला घेऊन एका मोठ्या दुकानात शिरले. तिथं एक केशरी तंबू मांडून ठेवलेला. काकांनी चपला काढल्या, आत गेले, लांब झाले. बराच वेळ काही हालचाल नाही. विक्रेत्या पोरानं वाकून पाहिलं तर आतून आवाज आला, "तंबी, एसी सोळावर कर." पोरानं मॅनेजरला विचारलं. मॅनेजर भला माणूस होता, त्यानं केला. दुकानातली गिऱ्हाइकं कुडकुडू लागली. काका पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आले, आतल्या कापडावरून बोट फिरवून बघितलं, वाफ धरली नव्हती. चेहरा उजळला. मला वाटलं, झालं एकदाचं. त्यांनी पोराला विचारलं, "हा भिजल्यावर सैल पडतो काय?" नायलॉन ओलं झालं की ताणतं, पॉलिस्टर तितकं ताणत नाही, हे त्यांना माहीत होतं; पोराला नव्हतं. पोर म्हणालं, "सार, भिजवायचा कशाला?" इथं सौदा फिसकटला. परतीच्या गाडीत मला म्हणाले, "माणूस चांगला होता, पण त्याचा तंबूवर विश्वास नव्हता."

आता कोणी म्हणेल, हा नुसता वहीतला वीर. मीही तसं म्हणत असे. पण २०१८ च्या नोव्हेंबरात गज वादळ आलं. सोळा तारखेच्या पहाटे ते नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्याला धडकलं आणि पट्टुकोट्टै, ओरत्तनाडूकडच्या नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. झापांची घरं उडाली. दिवसेंदिवस वीज नाही. मदतीच्या ट्रकमधून निळ्या ताडपत्र्या आल्या, आणि त्या वाटायला गेलेल्या मंडळींत काका होते. मी फोटो पाहिले आहेत. धोतर खोचलेलं, डोक्यावर माकडटोपी, हातात दोर. ताडपत्री कुठल्या बाजूनं वाऱ्याला पाठ देते, पाणी साचू नये म्हणून मध्ये काठी किती उंच हवी, कडेला भोक फाटलं असेल तर आत गोटा गुंडाळून त्याला दोर कसा बांधायचा, ओल्या मातीत खुंटी कशी आडवी गाडायची, हे सगळं ते लोकांना दाखवत होते. काकू सांगतात, चार दिवस घरी आले नाहीत. किती ताडपत्र्या बांधल्या ते त्यांनी मोजलं नाही. डेनियर विचारला नाही. त्या दिवसांबद्दल वहीत अक्षर नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ते कॅम्पिंग नव्हे."

काकूंचं मत या सगळ्यावर ठरलेलं आहे. तंबू आला तर तो मोट्टै माडीवर, म्हणजे गच्चीवर लागेल, आणि आतली जाळी डासांना चांगली. बाकीचं कापड वड्या वाळत घालायला होईल. त्यांचा तंबूला विरोध नाही. तंबूची वाट बघण्यालाही नाही. "दुसऱ्या बायकांचे नवरे निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरात येतात," त्या डांगरपच्चडी ढवळत म्हणाल्या, "हे हिमालयात असतात. बरं आहे."

परवा हिमालयच घरी आला. काकांच्या पुण्यातल्या बहिणीचा नातू, वय वर्षं बावीस, डिसेंबरात केदारकंठाला जाऊन आला. साडेबारा हजार फूट, सांक्रीहून वर, गुडघाभर बर्फात मुक्काम. काकांनी महिनाभर आधी त्याला पत्रवजा सूचना धाडल्या होत्या. त्यानं त्यावर अंगठा पाठवला. पोरगा सुखरूप परतला तेव्हा काकांनी फोन स्पीकरवर टाकून झोपाळ्यावर मधोमध ठेवला. आम्ही सगळे भोवती. पूर्ण शांतता.

"काय रे, बर्फ पडलं?"

"पडलं की आजोबा. रात्रभर."

"तंबूवर साठलं?"

"थोडं. सकाळी आतून ठोकून पाडलं."

काकांनी आमच्याकडे बघितलं. बरोबर केलं पोरानं. "आतून ओल धरली?"

"माहीत नाही, झोप लागली होती."

"बरं. तंबू कसा होता? नीट सांग. सावकाश सांग."

पलीकडे क्षणभर विचार झाला.

"निळा होता, आजोबा."

"ते नव्हे रे. कोणाचा? किती पोलांचा? एक कापड की दोन?"

"ते ट्रेकवाल्यांनीच लावून ठेवले होते. आम्ही पोचलो तर तयार. मस्त होता. निळा."

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. काकांनी फोन ठेवला, झोपाळा दोनदा हलवला आणि पोरानं पाठवलेला फोटो मोठा करून बघायला सुरुवात केली. पंधरा मिनिटांनी जाहीर झालं की उजवीकडचा तणावा ढिला होता आणि पोरं वाचली ती नशिबानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले असताना मी वही उघडून पाहिली. वजन, डेनियर, मिलिमीटर, पोल, दारं, किंमत या रकान्यांच्या उजवीकडे, समासाची रेघ थोडी सरकवून, एक नवा रकाना आखला होता: रंग. खाली एकच नोंद. 'निळा. उन्हात किती लवकर विटतो, तपासणे.'